वडील अंथरुणाला टेकले की: घरी सेवा करणाऱ्यांसाठी

"आता घरी न्या, सेवा करा." मिरजेच्या दवाखान्यातून आबांना सोडताना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. वय ८१, आधीच पार्किन्सन (कंपवात), त्यात खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं होतं, पण आबा पूर्वीसारखे मळ्यात चालत जाणार नाहीत, हे सगळ्यांनाच दिसत होतं. सेवा म्हणजे नक्की काय करायचं, किती वाजता करायचं आणि कुणी करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पुढच्या अडीच वर्षांत आम्ही ते शिकलो. त्यातलं काही तर आबांना त्रास झाल्यावरच शिकलो. तुमच्या वडिलांना तो त्रास होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. घरात आई, मी, बायको आणि शाळेत जाणारी दोन पोरं. थोरला भाऊ पुण्याला नोकरीला, ताई कराडला दिलेली. तुमच्याकडे माणसं कमी-जास्त असतील, आजार वेगळा असेल. औषधाचं जे असेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. मी सांगतोय ते घरातल्या कामाचं.

दवाखान्यातून निघायच्या आधी

घरी जायची घाई सगळ्यांनाच असते. गाडी दारात उभी असते, बिल भरून झालेलं असतं. तरी निघण्याआधीचा एक दिवस शिकण्यासाठी ठेवा. वॉर्डातल्या सिस्टरना, मावशींना, मामांना सांगा, "कूस कशी बदलायची ते दाखवा, मी तुमच्यासमोर एकदा करतो." नुसतं बघून हे येत नाही. खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, नळी असेल तर तिच्यातून कसं भरवायचं, हे सगळं त्यांच्या नजरेखाली एकेकदा स्वतःच्या हातांनी करा. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय त्या कुशीवर झोपवायचं की नाही, पाय कुठवर दुमडायचा, हेही तेव्हाच विचारा.

डिस्चार्जचा कागद समोर धरून आणखी तीन प्रश्न विचारा. जुन्या गोळ्यांपैकी कुठल्या बंद झाल्या? काय दिसलं तर लगेच परत आणायचं? आणि रात्री फोन कुणाला करायचा? पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरात जुनी पाकिटं पडलेली असतात आणि नव्या गोळ्यांबरोबर त्याही चालू राहतात. बंद झालेली पाकिटं त्याच दिवशी घरातून बाहेर काढा.

जागा आणि खाट

आम्ही आबांना आधी मधल्या खोलीत ठेवलं, शांतता मिळावी म्हणून. आठ दिवसांत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. मग खाट सोप्यात आणली. दार उघडं, येणारं-जाणारं माणूस दिसतं, डेअरीला दूध घालून परत येणारा शेजारी हाक मारतो, पोरं तिथंच अभ्यासाला बसतात. आबा बोलायला लागले. जागा निवडताना उजेड, वारा आणि माणसांची वर्दळ तिन्ही बघा, आणि संडास-मोरी जवळ असेल असं बघा.

वर-खाली होणारी दवाखान्यासारखी खाट सांगली-मिरजेत सर्जिकलच्या दुकानातून महिन्याच्या भाड्याने मिळते. नवी विकत घेण्याआधी चौकशी करा, ओळखीपाळखीत कुणाकडे तरी ती पडून असते. वडील अजून उठून बसत असतील तर खाट त्यांच्या गुडघ्याएवढी उंच हवी, म्हणजे पाय जमिनीला टेकतात. पूर्ण अंथरुणाला असतील तर करणाऱ्याच्या कमरेएवढी. बुटक्या खाटेपाशी वाकून वाकून पहिल्या महिन्यातच माझी कंबर धरली होती.

एअरबेड घ्याच. त्याचे कप्पे आळीपाळीने फुगतात, त्यामुळे एकाच जागी भार राहत नाही. पण त्यावर गोधडी टाकायची नाही. आईने मायेनं स्वतः शिवलेली जाड गोधडी अंथरली होती, वर रबरी शीट, त्यावर चादर. एवढ्या थरांखाली एअरबेड असून नसल्यासारखा झाला. त्यावर एकच सुती चादर हवी, सुरकुती नसलेली. कमरेखाली एक आडवी चादर, तिला धरून दोघांना माणूस वर सरकवता येतो. काखेत हात घालून ओढू नका. त्यात खांदा निखळू शकतो आणि पाठीची कातडी सोलवटते.

एअरबेडचा पंप विजेवर चालतो. भारनियमनात तो बंद पडला की गादी हळूहळू बसते आणि माणूस खालच्या फळीला टेकतो. इन्व्हर्टर असेल तर पंपाचं बटन त्यावर घ्या. नसेल तर लाईट गेल्याची वेळ लिहून ठेवा आणि तेवढ्या वेळात कूस लवकर-लवकर बदला.

कृष्णाकाठच्या, वारणाकाठच्या घरांसाठी आणखी एक सांगतो. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. घरात झोपून असलेलं माणूस असेल तर तुम्ही इशाऱ्याची वाट बघत बसू नका. पातळी चढायला लागली, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की रस्ता कोरडा असतानाच पाहुण्यांकडे हलवा. धडधाकट माणूस होडीत उडी मारतो, खाटेवरच्या माणसाला ते जमत नाही. कुणाकडे जायचं, गाडी कुणाची, बरोबर काय घ्यायचं, हे जून महिन्यातच ठरवून ठेवा. आबांची पुराची पिशवी दाराच्या खुंटीला टांगलेली असायची. तिच्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, फायलीची झेरॉक्स, डायपर, टॉर्च.

वही

दोनशे पानी वही घ्या, भोक पाडून सुतळी ओवा, पेन बांधा आणि खाटेपाशी टांगा. रकाने असे: वेळ, कूस (डावी, उजवी, पाठ), खाल्लं-प्यायलं किती, लघवी, संडास, औषध, आणि शेवटी "काय वेगळं दिसलं". जो करेल त्यानं लिहायचं, पोरांनीसुद्धा.

सुरुवातीला बायको म्हणाली, घरच्या माणसाचा हिशेब कसला लिहायचा? पण दोन गोष्टी झाल्या. "गोळी दिली का? मला वाटलं तू दिलीस" हे बंद झालं. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर "खाणं-पिणं कमी झालंय" असं मोघम सांगायच्या जागी "मागच्या आठवड्यात रोज दीड लिटर पाणी जायचं, आता पाऊण लिटर जातंय" असं सांगता यायला लागलं. एवढं ऐकलं की डॉक्टरही वेगळ्या पद्धतीने विचारायला लागतात.

कुणी काय करायचं

हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आपल्याकडे वडिलांची सेवा मुलगा करतो असं गाव म्हणतं आणि करते सून. सकाळचा चहा, डायपर, अंघोळ, चादरी, जेवण, रात्रीचं उठणं, सगळं तिच्यावर. मुलगा औषधं आणतो आणि आल्या-गेल्याशी बोलतो. पहिले दोन महिने आमच्याकडे हेच झालं.

एके दिवशी बायको आबांना पुसायला गेली तर आबांनी धोतर मुठीत घट्ट धरलं आणि सोडेनात. तिला वाटलं हट्ट करतायत. मी गेलो तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. ज्या सुनेसमोर पंधरा वर्षांत कधी उघड्या अंगानं आले नव्हते, तिच्यासमोर त्यांना उघडं व्हावं लागत होतं. त्या दिवसापासून आबांची स्वच्छता, अंघोळ, कपडे ही कामं माझी. मला येत नव्हती, मी शिकलो. तुम्हीही शिका. स्वतःच्या वडिलांचा संडास काढायला मुलाला लाज वाटत असेल तर ती पहिल्या आठवड्यात जाते. वडिलांची लाज जात नाही, ती आपणच जपायची. कमरेखालचं काम करताना वर पंचा टाका, दार लोटा, काय करतोय ते आधी सांगा: "आबा, आता पाणी लावतो हं, कोमट आहे."

बाकीची कामं वाटताना "जमेल तशी मदत करा" असं कुणाला म्हणू नका. जमेल तसं म्हटलं की कुणालाच जमत नाही. नाव आणि वार घालून काम द्या. आमच्याकडे असं ठरलं:

- थोरला भाऊ: दर महिन्याच्या ५ तारखेला ठरलेली रक्कम, औषधं मागवणं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं, आणि रोज संध्याकाळी साडेसातला आबांना व्हिडिओ कॉल. महिन्यातून दोन रात्री गावी येऊन स्वतः जागरण.
- ताई: दर दुसऱ्या शनिवारी मुक्काम. त्या दोन दिवसांत माझी बायको माहेरी गेली तरी चालेल, झोपली तरी चालेल, तिला कुणी काही विचारायचं नाही.
- आई: भरवणं आणि गप्पा. उचलणं अजिबात नाही, तिचे गुडघे गेलेत.
- थोरली नात: वही तपासणं, गोळ्यांची डबी भरताना माझ्याबरोबर बसणं.

भावाला सुरुवातीला पैसे पाठवले म्हणजे झालं असं वाटायचं. एकदा सलग दोन रात्री दर दोन तासांनी उठल्यावर त्यानं स्वतःहून रात्रीसाठी मामा, म्हणजे सेवा करणारा पगारी माणूस, ठेवायचा खर्च उचलला. पगारी माणूस ठेवणार असाल तर काम सुरू व्हायच्या आधी स्पष्ट बोला: तास किती, सुट्टी कुठली, डायपर बदलणार का, कूस बदलणार का, जेवण आपल्याकडे का. पहिले तीन दिवस त्याच्याबरोबर उभे राहा, आणि त्याच्याशी घरच्यासारखं वागा. आमचे मामा आबांना "पाटील, उठा, द्राक्षं काढायला आलीत" म्हणून हाक मारायचे आणि आबा हसायचे.

कूस बदलणं

झोपून असलेल्या माणसाला सगळ्यात लवकर होणारी आणि सगळ्यात जास्त पीडा देणारी गोष्ट म्हणजे बेडसोअर, म्हणजे दाबाची जखम. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, रक्त पोचत नाही, आणि काही तासांत ती मरायला लागते. म्हणून दर दोन तासांनी कूस. एअरबेड असला तरी हे चुकत नाही.

एकट्यानं करायचं असेल तर असं करा. समजा त्यांना आपल्याकडे, म्हणजे त्यांच्या उजव्या कुशीवर वळवायचं आहे. उजव्या बाजूला उभे राहा. आधी सांगा. त्यांचा उजवा हात अंगापासून थोडा दूर ठेवा, डावा हात छातीवर घ्या. डावा गुडघा दुमडून पाऊल गादीवर टेकवा. आता एक हात त्यांच्या डाव्या खांद्यामागे, दुसरा डाव्या खुब्यामागे, आणि "एक, दोन, तीन" म्हणून दोन्ही एकदम आपल्याकडे घ्या. जोर हाताचा लावायचा नाही, आपलं अंग मागं झुकवायचं. माणूस लाकडासारखं एका तुकड्यात वळलं पाहिजे. पार्किन्सनमुळे आबांचं अंग ताठ असायचं. घाई केली की आणखी ताठ व्हायचं, थोडं थांबून पुन्हा मोजलं की सैल व्हायचं.

वळवल्यावर पाठीमागे उशी. पूर्ण कुशीवर उभं ठेवायचं नाही, तसं केलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. किंचित तिरके, पाठ उशीला टेकलेली. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली एक उशी अशी की टाचा हवेत राहतील.

टाचांचं मी मुद्दाम सांगतोय. आम्ही रोज आबांची पाठ बघायचो, माकडहाड बघायचो, तिथं काही नाही म्हणून समाधान मानायचो. थंडीचे दिवस होते, पायात लोकरीचे मोजे. एका सकाळी मोजा काढला तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा फोड. तो भरून यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत ड्रेसिंगच्या वेळी आबा ज्या तऱ्हेनं पाय आखडून घ्यायचे ते मी विसरलेलो नाही. म्हणून रोज सकाळी कपडे काढून टॉर्चच्या उजेडात सगळं अंग बघा: डोक्याची मागची बाजू, कान, खांद्याची पाती, कोपर, माकडहाड, खुबे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू, घोटे, टाचा. लाल दिसलं तर बोटानं दाबा. बोट काढल्यावर तिथं क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर रक्त खेळतंय, पण त्या जागेवर भार येऊ देऊ नका. दाबूनही लालच राहिलं तर जखमेची सुरुवात झालीय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, जागा जांभळट, गरम किंवा कडक लागते.

लाल जागेवर तेल लावून चोळायचं नाही, आतली कातडी आणखी फाटते. मधे भोक असलेली रबरी रिंगही वापरू नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा अडतो. आणि जखमेत हळद भरू नका. आपली सांगली हळदीची पेठ, त्यामुळे येणारं प्रत्येक जण हे सुचवतं. फोडणीतली हळद जखमेत गेली की खाली काय चाललंय ते डॉक्टरांनाही दिसत नाही.

भरवणं

आबांना न्यूमोनिया झाला तो आमच्या हातून. दुपारची वेळ, ते अर्धवट झोपेत, उशीला टेकलेले. आलेल्या पाहुण्यांनी प्रेमानं चार घोट पाणी पाजलं. ठसका लागला, थांबला, सगळे विसरले. तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि आठ दिवस पुन्हा मिरज. अन्न-पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलं की असं होतं, आणि पार्किन्सन, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश यांत गिळण्याची ताकद कमी झालेली असते.

तेव्हापासूनचे आमचे नियम सांगतो. माणूस पूर्ण जागं असलं तरच भरवायचं. पाठ सरळ, शक्य तितकं ताठ बसवून. हनुवटी किंचित छातीकडे. उभं राहून भरवायचं नाही, त्यांना मान वर करावी लागते. समोर बसून भरवायचं. चहाचा चमचा, तोही अर्धा. घास दिल्यावर गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते का बघायचं, ती आली की तोंड उघडायला सांगून आत काही उरलं नाही ना ते बघायचं, मग पुढचा घास. टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं.

पातळ पाणी सगळ्यात अवघड असतं, ते पटकन घसरतं. घट्टसर पदार्थ सावकाश उतरतो. किती घट्ट ते डॉक्टरांना किंवा गिळण्याच्या तपासणीच्या थेरपिस्टना विचारा. आपल्याकडच्या पदार्थांत हुलग्याचं माडगं, नाचणीची घट्ट आंबील, मऊ शिरा, कुस्करलेलं केळ, पपई हे आबांना जायचं. त्यांच्या आवडीच्या ताकातल्या कण्या मात्र ठसका आणायच्या, कारण पातळ ताक आणि दाणेदार कण्या तोंडात वेगवेगळ्या होतात. आई मग त्याच कण्या जास्त शिजवून, घोटून, ताक थोडं घालून एकजीव करायला लागली. चव तीच.

खाताना किंवा नंतर खोकला, आवाज ओला-घोगरा होणं, तोंडातून गळणं, जेवायला तास-तास लागणं, वारंवार ताप: यातलं काही दिसलं तर ते "वय झालं" म्हणून सोडू नका.

भेटायला येणारी माणसं भडंग आणतात, कंदी पेढे आणतात, आणि "आमच्या हातचा एक घास" म्हणून भरवतात. दारातच हसून सांगा, "खाऊ आमच्याकडे द्या, आबांशी तुम्ही बोला." कुणाला राग आला तर येऊ द्या.

जेवणानंतर तोंड स्वच्छ करा. मऊ ब्रश, नाहीतर बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात, हिरड्या, जीभ पुसा. कवळी रात्री काढून ठेवा. तोंडातले जंतू छातीत उतरतात आणि त्यानंही न्यूमोनिया होतो.

नाकातून नळी असेल तर भरवताना आणि नंतर तासभर डोक्याकडची बाजू उंच ठेवा, दर वेळी आधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघा, आणि शेवटी पाणी सोडून नळी धुवा. खूण सरकलेली दिसली तर काहीही सोडू नका.

लघवी, संडास

हे थोडक्यात. वडील बसू शकत असतील तोवर कमोडच्या खुर्चीवर बसवाच, डायपरची घाई करू नका. जेवणानंतर पोट साफ होण्याकडे कल असतो, ती वेळ धरा. डायपर ओला झाला की बदला, कातडी कोमट पाण्यानं धुवून टिपून कोरडी करा, झिंकचं मलम पातळ लावा. पावडर नको, घडीत तिच्या गुठळ्या होतात.

लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळीला पीळ पडलाय का ते दर कुशीला बघा. पिशवीत काही तास लघवी आलीच नाही आणि ओटीपोट फुगलं तर लगेच दवाखाना.

तीन दिवस संडास नाही तर डॉक्टरांना सांगा. मनानं इसबगोल सुरू करू नका; पाणी कमी पिणाऱ्या माणसाला त्यानं उलट घट्ट होतं. आणि बद्धकोष्ठ असलेल्याला अचानक पातळ होऊ लागलं तर ते जुलाब नसून अडकलेल्या खड्याच्या कडेनं येणारं पाणीही असू शकतं. जुलाब बंद करायची गोळी देण्याआधी विचारा.

गोळ्या

सात दिवसांची, चार कप्प्यांची डबी आणा आणि रविवारी दोघांनी बसून भरा. पार्किन्सनच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर द्याव्या लागतात. तास चुकला की अंग आखडतं आणि घाससुद्धा गिळता येत नाही. आम्ही जेवण गोळी लागू पडल्यावरच द्यायचो. त्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. उलटीच्या काही नेहमीच्या गोळ्या पार्किन्सन वाढवतात, म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी आजाराचं नाव आधी सांगा.

मधुमेह असेल आणि जेवण कमी झालं असेल तर साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन तेवढंच चालू ठेवणं धोक्याचं आहे. दरदरून घाम, गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं तर आधी साखर मोजा. कुठलीही गोळी कुटून देण्याआधी ती कुटायची आहे का विचारा, काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात.

हे "वय झालं" म्हणून सोडू नका

एका रात्री आबा ओरडायला लागले, "बैलं सोडली का रे? पाणी पाजलं का?" बैल विकून अठरा वर्षं झाली होती. आईला वाटलं आता जायची वेळ आली, जुनं सगळं आठवतंय. मी वही उघडली. दोन दिवस लघवी कमी, रंग गडद, आणि "काय वेगळं" या रकान्यात पोरीनं लिहिलं होतं: आजोबा दिवसभर झोपून. सकाळी तपासलं तर लघवीत जंतुसंसर्ग. औषध सुरू झालं आणि चार दिवसांत आबा पूर्ववत बोलायला लागले.

म्हाताऱ्या माणसात संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ, गुंगी, भास हे आजाराचं लक्षण आहे: संसर्ग, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवं औषध. धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एक बाजू लुळी पडणं, बेशुद्धी यांत विचार करत बसू नका, १०८ ला फोन करा.

कागदपत्रं

वडिलांना समजतंय, सही करता येतेय तोवर उरकून घ्या. बँकेत नॉमिनी, खातं दोघांच्या नावे. पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दवाखान्यात भरती होऊन घ्यायचे उपचार येतात; घरच्या सेवेचा खर्च येत नाही. ६५ वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

जमिनीच्या कागदावर, समजत नसलेल्या माणसाचा अंगठा घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यातून भावाभावांत जे होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्यांना विचारा

आज दाढी करायची का? रेडिओ लावू की नको? चादर निळी की पांढरी? दिवसातून अशा पाच-सहा गोष्टी तरी आबा ठरवायचे. दर रविवारी न्हावी घरी यायचा. सांगली आकाशवाणीवर शेतीचं काही लागलं की ते पोरांना गप्प करायचे. यंदा छाटणी कधी घ्यायची हे मी खाटेपाशी बसून विचारायचो, आणि ते सांगतील त्यात बहुतेक वेळा तथ्य असायचं.

मोठं विचारायचं तेही वेळेत विचारा. श्वासाच्या मशीनवर ठेवायचं का? शेवट घरी हवा की दवाखान्यात? आम्हाला वाटायचं हे विचारणं म्हणजे अभद्र बोलणं. ताईनं धीर करून विचारलं. आबा म्हणाले, "नळ्या नको. सोप्यात बरं आहे." तिघा भावंडांना ते एकाच वेळी ऐकायला मिळालं, म्हणून पुढे भांडण झालं नाही. हे कायदेशीर लिहूनही ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तशी मुभा दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतात.

शेवटचे दिवस

झोप वाढते. खाणं-पिणं सुटत जातं. हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. घरातली बाई माणसं या वेळी हमखास म्हणतात, "उपाशी चाललाय, काहीतरी घाला पोटात." पण शरीर मागत नसतं म्हणून खाणं सुटलेलं असतं. कोंबलेला घास छातीत जातो. ओठ-जीभ ओल्या कापसानं पुसत राहा, ओठांना साय लावा, कुशीवर ठेवा म्हणजे घरघर कमी होते. दुखत असेल, धाप असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मॉर्फिनसारखं औषध योग्य मात्रेत शेवट सुसह्य करतं, ते मागण्यात काही गैर नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार, हा शब्द लक्षात ठेवा आणि दवाखान्यात त्याच शब्दात विचारा. बोलत राहा, हात धरून बसा.

घरीच प्राण गेला तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलावून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या आणि २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा, बँक, विमा, पेन्शन, वारसनोंद सगळीकडे लागतात. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, मॉर्फिन असेल तर डॉक्टरांकडे परत करा.

आबांची खाट आणि एअरबेड तेराव्यानंतर आम्ही धुऊन, उन्हात वाळवून ठेवला. दोन महिन्यांनी शेजारच्या गावातल्या एका घरी गेला, तिथून पुढे आणखी एका. देताना पोरीनं पंपावर जाड स्केचपेननं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: "यावर गोधडी टाकू नका. टाचा बघा."